आजोबांचं ऑपरेशन कोणत्या कार्डावर झालं

गेल्या रविवारी फोनवर तू सांगत होतीस, की सव्वीस पूर्ण झाल्यामुळे बाबांच्या कंपनीच्या विम्यातून तुझं नाव निघालं, आणि आता नोकरी निवडताना पगाराच्या आधी कोण कसला विमा देतं ते तू पाहते आहेस. तुमच्याकडे अमेरिकेत नवा कायदा झाला म्हणून इतकी वर्षं तरी नाव राहिलं, हेही तू मला समजावून सांगितलंस. मग तू विचारलंस, "आजी, आजोबांच्या बायपासच्या वेळी त्यांच्या गिरणीनं विमा दिला होता का?" मी म्हणाले, "नाही गं, सरकारी योजनेतून झालं." तू म्हणालीस, "हाऊ नाइस." मी म्हणाले, "हो." मग तुझ्या भावाला फोन दिलास आणि आम्ही त्याच्या परीक्षेचं बोललो.

त्या "हो"मुळे मला नंतर बरं वाटेना. म्हणून हे लिहिते आहे, तुम्हा दोघांसाठी.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. पण इंग्रजीत लिहायला बसले की मी फार समजूतदार बाई वाटू लागते. जन्मभर त्या भाषेत मी अर्ज आणि पत्रं लिहिली, दोन्हींत माणूस चांगलाच दिसतो. मराठीत तशी सोय मला नाही. अडलं तर बाबांकडून वाचून घ्या. त्यांना यातलं थोडंच माहीत आहे.

आजोबा सूतगिरणीच्या हिशेब खात्यात होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. गिरणीच्या फाटकासमोर कामगार विम्याचा दवाखाना होता. दोन खोल्या, बाहेर पत्र्याचं छप्पर आणि त्याखाली लोखंडी बाक. ठरावीक मर्यादेच्या आत ज्यांचा पगार होता त्या सगळ्यांच्या पगारातून थोडं कापलं जायचं आणि गिरणीला त्याहून जास्त भरावं लागायचं. त्या बदल्यात घरातल्या सगळ्यांना औषधपाणी मिळे आणि मोठं दुखणं निघालं तर नागपूरच्या इस्पितळात सोय होई. पगार मर्यादेच्या वर गेला की माणूस विम्यातून बाहेर. आजोबा नोकरीला लागले तेव्हा मर्यादेच्या आत होते. त्यांच्या ऑफिसातले सगळेच होते.

तुमच्या बाबांचा कान लहानपणी सारखा फुटायचा. त्यांना घेऊन मी त्या बाकावर बसत असे. शेजारी सूत कातणाऱ्या खात्यातल्या बायका असत, केसांत, भुवयांत कापसाची बारीक तूस अडकलेली. औषधाची बाटली घरून न्यावी लागे. कंपाउंडर खिडकीतून हात काढून बाटली मागायचा. मी बाटलीबरोबर एक इंग्रजी कादंबरीही न्यायची. वाचत होते असं नाही. त्या बाकावर तसा उजेडही नव्हता. मी कोण आहे ते कळावं म्हणून ती मांडीवर ठेवलेली असायची. एकदा शेजारच्या बाईनं विचारलं, "पोथी हाय काय?" मी म्हणाले, "नाही, गोष्टीचं पुस्तक आहे." ती म्हणाली, "मंग वाचा न जोरानं, नंबर यायले टाइम हाय." बाकावरच्या सगळ्याजणी हसल्या. पुढच्या वेळी मी पुस्तक नेलं, पण पिशवीतून बाहेर काढलं नाही.

ऑफिसातल्यांना हे बसणं आवडत नव्हतं. आम्हा बायकांना तर मुळीच नाही. हळदीकुंकवाला भेटलो की तोच विषय. शेवटी ऑफिसातल्या सगळ्यांनी मिळून व्यवस्थापनाकडे अर्ज केला, की आमचा पगार विम्याच्या मर्यादेच्या जरासा वर नेऊन ठेवावा. जगात लोक पगार वाढावा म्हणून अर्ज करतात. आम्ही विमा सुटावा म्हणून केला. अर्जाचं इंग्रजी माझं होतं. त्यात 'डिग्निटी' हा शब्द मी घातला, आणि तो मॅनेजरसाहेबांनी दोनदा वाचून दाखवला असं आजोबांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

व्यवस्थापनाला यात नुकसान नव्हतं, त्यांचा भरणाही वाचत होता. 'जबाबदारी भत्ता' असं नाव देऊन थोडी वाढ झाली. पुढे सरकार मर्यादा वाढवी तसा आमचा भत्ताही वाढत गेला, म्हणजे आम्ही बाहेरच राहावं. बदल्यात आता 'अधिकारी' झालेल्या ऑफिसवाल्यांसाठी गिरणीनं एक खासगी पॉलिसी काढली. तिचा हप्ता गिरणी भरणार होती. आम्ही कळंबला जाऊन चिंतामणी गणपतीला नारळ फोडला, पेढे वाटले. दवाखान्यातल्या कंपाउंडरलाही एक पेढा पाठवला.

मग कापसाची वाईट वर्षं आली. आमच्या जिल्ह्याचं नाव कशासाठी पेपरात येऊ लागलं ते तुम्ही तिकडेही वाचलं असेल. शहरात आमच्यासारख्या घरांत ते सकाळी चहाबरोबर वाचलं जाई आणि पेपर घडी करून ठेवला जाई. गिरणीत मात्र वेगळ्या वाटेनं तेच आलं. आधी तिसरी पाळी बंद झाली, मग दुसरी, मग वीज तोडली. अधिकाऱ्यांच्या पॉलिसीचा हप्ता गिरणीनं त्याआधीच भरायचं थांबवलं होतं. कुणी कळवलं नाही. आजोबा स्वतः हिशेबात असून त्यांनाही ते उशिरा समजलं, कारण तो खर्च वरच्या ऑफिसातून होत असे.

गिरणी बंद पडण्याआधी वयानं निवृत्त झालेले जे कामगार होते, त्यांचा विमा मात्र चालू राहिला. वर्षाला नाममात्र पैसे भरायचे, नवराबायको दोघांना उपचार. तशी तरतूदच होती. ती आम्हाला माहीत नव्हती. आम्ही विम्यातून बाहेर कसं पडायचं तेवढंच पाहिलं होतं.

पुढे आजोबा दोन दुकानांचे हिशेब लिहू लागले आणि मी घरी इंग्रजीच्या शिकवण्या घेऊ लागले. त्याच सुमारास नव्या शिधापत्रिका आल्या. गरिबांना पिवळी, मधल्यांना केशरी, बऱ्या घरांना पांढरी. आमचं उत्पन्न तेव्हा असं होतं, की केशरी मागितली असती तर मिळाली असती. आम्ही पांढरी घेतली. रेशनच्या रांगेत उभं राहायचं नव्हतंच, मग कशाला, असं मी म्हणाले. आजोबांनीही मान डोलावली. तिचा उपयोग पत्ता दाखवण्यापुरता.

आजोबांच्या छातीत दुखू लागलं ते शिकवणीच्या मुलांच्या देखत. वह्या उचलून द्यायला वाकले आणि तसेच भिंतीला टेकून बसले. आमच्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं. तिथे तपासणी झाली आणि बायपास लवकर करावी लागेल असं सांगितलं. खर्चाचा कागद हातात आला तेव्हा आजोबांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसत राहिले. तुमच्या बाबांची कंपनी त्याच वर्षी बंद झाली होती. कंपनीबरोबर तुमच्या घराचा विमाही गेला होता, आणि तुम्हा चौघांसाठी नवा विमा घेण्याच्या खटपटीत ते होते. आजोबा म्हणाले, "त्याला खर्चाचं काही बोलायचं नाही." मी बाबांना फोनवर एवढंच सांगितलं, की ऑपरेशन आहे आणि सोय झाली आहे. सोय झालेली नव्हती. घरातलं सगळं मोडूनही ती होणार नव्हती, आणि थांबायला आजोबांजवळ फार वेळ नव्हता.

रुग्णालयात खाली सरकारी आरोग्य योजनेची खिडकी होती. लोकांना कागदांची मदत करायला तिथे एक मुलगी बसायची, तुझ्यापेक्षा थोडीच मोठी.

"कार्ड कोणतं आहे, आजी?" तिनं विचारलं.

"पांढरं."

"पांढऱ्यावर नाही होत. पिवळं किंवा केशरी लागतं." मग तिनं कार्ड उलटून पत्ता वाचला. "तुम्ही यवतमाळ जिल्ह्याचे का? मग होईल. शेती आहे काही?"

माझ्या वडिलांनी कळंबच्या पुढे थोडं शेत माझ्या नावे करून ठेवलं होतं. मी म्हणाले, आहे.

"मग सातबारा आणा. आजोबांचं नाव त्यावर नसेल तर शेतकरी कुटुंबातले आहेत असा तलाठ्याचा दाखला आणा. तुमच्याकडच्या जिल्ह्यांना पांढऱ्यावरही चालतं."

"आमच्याच जिल्ह्यांना का?" मी विचारलं. सवयीनं विचारलं. नियम समजल्याशिवाय मला चैन पडत नाही.

ती आधी माझ्याकडे पाहत होती, मग कार्डाकडे पाहू लागली. "ते आत्महत्येचे जिल्हे आहेत ना," ती हळू म्हणाली.

माझ्यामागे रांग होती. मी कार्ड उचललं आणि बाजूला झाले. ज्या घरांत ते घडलं होतं त्यांतल्या एकाही घरी मी कधी गेले नव्हते. त्यांची नावं पेपरात वाचून मी शब्दकोडं सोडवायला घेत असे. आणि आता त्यांच्यामुळे आजोबांच्या छातीवर इलाज होणार होता. मला तिथेच रडू यायला हवं होतं. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. आजोबांना शोधत मी जवळजवळ पळत गेले.

त्या शेताबद्दल तुम्हाला सांगायला हवं. ते बटईनं दिलेलं होतं. म्हणजे राबायचं कसणाऱ्यानं, बियाणं-खत निम्मं निम्मं, आणि माल आला की अर्धा त्याचा, अर्धा आमचा. माझ्या वडिलांच्या काळापासून एकच माणूस ते वाहत होता. वयानं माझ्याएवढाच. तो माझ्या माहेरचा, म्हणून मला ताई म्हणे आणि आजोबांना जवाईबुवा. मी त्याला भाऊ म्हणत असे. राखी कधी बांधली नाही.

सातबाऱ्यावर पिकाच्या रकान्यात जमीन कोण वाहतो ते लिहितात. आमच्या सातबाऱ्यावर दरवर्षी 'खुद्द' लिहिलेलं असे. स्वतः मालक कसतो, असा त्याचा अर्थ. वडिलांनी मला बजावून ठेवलं होतं, की कसणाऱ्याचं नाव एकदा कागदावर लागलं की तो उद्या कूळ म्हणून उभा राहील आणि जमीन जाईल. जमीन असलेल्या आमच्यासारख्या सगळ्या घरांत हे असंच सांगतात. मी कधी त्या शेतातलं गवत उपटलं नाही, पण कागदावर नांगर, पेरणी, वेचणी सगळं मीच करत होते.

तलाठी तरुण होता आणि कडक. म्हणाला, शेत पाहिल्याशिवाय मी दाखल्यावर सही करत नाही. दिवस ठरला. त्या सकाळी मी कपाटासमोर उभी राहून शेतकरी बाईसारखं दिसेल असं पातळ शोधत होते. हे मी तुमच्या आजोबांनाही सांगितलेलं नाही. एक विटलेलं सुती पातळ सापडलं. कळंबहून जीपनं फाट्यावर उतरले, तर भाऊ तिथे उभाच होता.

"या ताई. म्या म्हटलं, लग्नाले निघाल्या का काय."

"जुनं पातळ आहे हो."

"जुनं असन. इस्त्री केली न पण."

आम्ही दोघंही हसलो. बांधावरून चालताना तो पुढे आणि मी मागे. पाय कुठे ठेवायचा ते तो न वळता सांगत होता. "इथी नका ठेवू. आता ठेवा." कापूस कमरेएवढा झाला होता, मधे तुरीच्या ओळी. तलाठी मोटरसायकल लावून येताना दिसला तसा मी माझ्या वाक्याचा पुन्हा एकदा विचार केला. ते मी आदल्या दिवशी तयार केलं होतं. आम्ही कुटुंबीय देखरेखीखाली शेती करतो, असं काहीतरी.

तलाठ्यानं विचारलं, "वावर कोण वाहते?"

मी तोंड उघडायच्या आत भाऊ म्हणाला, "ताईच वाहते. म्या रोजदार हाय. बोलावलं का येतो."

"रोजदार? अन् बैलजोडी कोणाची?"

"ताईचीच. माह्याकडं बांधून असते फक्त."

"बरं. ताई, यंदा कापसाचं कोणतं वाण लावलं?"

मी भाऊकडे पाहिलं. इतकी वर्षं अर्ध्या बियाण्याचे पैसे देत होते, पण नाव कधी विचारलं नव्हतं.

"ताईच्या ध्यानात नाही राहत," भाऊ म्हणाला. "पाकीट पाह्यलं का सांगते. सायेब, तुमी तरी सांगा बरं, तुमच्या घरी चहापत्ती कोणती हाय?"

तलाठ्याला हसू आलं. त्याला सगळं समजत होतं. त्यानं मोटरसायकलच्या सीटवर कागद ठेवून सही केली आणि म्हणाला, "ज्याचं नाव सातबाऱ्यावर, तो शेतकरी. माह्याकडून एवढंच."

कागद माझ्या हातात आला. आजोबांचं ऑपरेशन आता होणार होतं. मी तो घडी करून पर्समध्ये ठेवत होते तेव्हा भाऊ तलाठ्याला म्हणाला, "मंग आमच्या घरवालीचं कसं होईन, सायेब? तिच्या पित्ताच्या पिशवीत खडे हायेत. कार्ड आमचंही पांढरंच हाय, ट्रॅक्टर घेतला तवापासून."

"आत्ता तर रोजदार होते न तुम्ही."

"थे अर्ध्या घंट्यापुरतं. ताईसाठी."

"नाव लावून घ्या पिकाच्या रकान्यात," तलाठी गाडीला किक मारत म्हणाला. "ताई लिहून देत असतील तर देतो मी दाखला. माह्यं काय जाते."

दोघंही माझ्याकडे पाहत नव्हते. मला काहीतरी बोलणं भागच होतं. मी म्हणाले, "बघू भाऊ. आधी ह्यांचं होऊ दे."

"हो न. पह्यले जवाईबुवाचं."

फाट्यापर्यंत तो मला सोडायला आला. जीप यायला वेळ होता. मी त्याच्या बायकोचं विचारलं, दुखणं कधीपासून, कोणाला दाखवलं. तो सांगत होता. मग हसत म्हणाला, "सरकारचंही बरोबरच हाय म्हणा. आमची तर निस्ती निंदते, डवरते, वेचते. शेतकरी थोडीच हाय."

जीप आली. मागे जागा नव्हती, ड्रायव्हरनं मला पुढे बसवलं. भाऊनं माझं भाडं देऊ केलं. मी नको म्हटलं.

नागपूरला आजोबांना जी खाट मिळाली, तिच्या शेजारच्या खाटेवरचा माणूस पहिल्या दिवशी नुसता पाहत होता. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "हिशेबातले सायेब न तुमी?" तो आमच्या गिरणीतला जुना जॉबर निघाला. यंत्र बिघडलं की जुळवणारा. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. त्याचं ऑपरेशन आधीच झालं होतं, कामगार विम्यातून.

"तुमचं कोणत्या कार्डावर हाय, सायेब?"

आजोबा छताकडे पाहत म्हणाले, "शेतकरी."

"कवापासून?"

आजोबांना हसू आलं, मग त्यालाही. तो छातीवर उशी दाबून धरत म्हणाला, "हसवू नका सायेब, टाके हायेत." जरा वेळानं म्हणाला, "तुमी ऑफिसवाल्यायनं तर सोडला होता न आपला विमा. पेढे वाटले होते. कंपाउंडर सांगे. आमी लय शिव्या देल्त्या तवा. म्हटलं, यायचं कापणं बंद झालं अन् आपलं चालूच हाय. मले वाटे, थे पैसे खड्ड्यात चालले."

त्याच्या बोलण्यात डिवचणं नव्हतं. त्याला खरोखरच गंमत वाटत होती. तो 'आपला विमा' म्हणाला, एवढंच माझ्या मनात राहिलं. डब्यातला वरणभात मी त्याच्या बायकोबरोबर वाटून खाल्ला. तिनं मला ओळखलं नाही. कदाचित ती त्या बाकावर कधी माझ्या शेजारी बसली असेल. मी विचारलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. एकही पैसा लागला नाही. घरी जाताना गाडीभाडंसुद्धा योजनेतून मिळालं, सहीवर. हुद्दा, व्यवसाय अशा रकान्यात त्या मुलीनं आधीच 'शेतकरी' लिहून ठेवलं होतं आणि मी खाली सही केली, माझ्या नेहमीच्या वळणदार इंग्रजी अक्षरात.

दिवाळीनंतर भाऊ आजोबांना भेटायला घरी आला. कापसाचा आमचा अर्धा हिस्सा त्या वर्षी फार थोडा होता. गुलाबी बोंडअळीनं सगळी बोंडं आतून खाल्ली होती. तो हॉलमधल्या खुर्चीच्या कडेवर बसला, पूर्ण टेकून नाही. आजोबांना म्हणाला, "रंग चांगला आला जवाईबुवा तुमचा." चहा झाला. कप खाली ठेवून मला म्हणाला, "ताई, थे नावाचं इचारायचं होतं. पिकाच्या रकान्यातलं."

मी आजोबांकडे पाहिलं. आदल्याच आठवड्यात आमचं यावर बोलणं झालं होतं. आजोबा म्हणाले होते, माणूस चांगला आहे, पण त्याची मुलं कशी निघतील कोणी पाहिलं आहे. वकिलांनीही तेच सांगितलं. मी दोघांशी वाद घातला नाही. मला तेच उत्तर हवं होतं. ते दुसऱ्यांच्या तोंडून आलं, तेवढीच माझी सुटका.

"वकिलांना विचारलं भाऊ," मी म्हणाले. "ते म्हणतात, पुढे गुंतागुंत होते. मुलगा परदेशात, त्याची मुलं, सगळ्यांच्या सह्या लागतात." यातलं शेवटचं खोटं होतं. सही फक्त माझी लागत होती. तुमची नावं मी तिथे वापरली, हे तुम्हाला माहीत असावं.

त्यानं मान डोलावली. "राहू द्या. इचारलं फक्त." मग तो आजोबांना विचारू लागला, की छाती उघडतात तेव्हा हाड कापतात का, आणि मग ते जोडतात कशानं. आजोबांनी तारेचं सांगितलं. "तार?" तो म्हणाला. "कुंपणासारखी?" आणि निघाला.

त्याच्या बायकोचं ऑपरेशन उन्हाळ्यात यवतमाळच्या एका खासगी दवाखान्यात झालं. त्यासाठी ट्रॅक्टर विकला, हे मला जीपवाल्याकडून कळलं. मी भेटायला गेले. फळं घेतली होती. ती अंगणात बाजेवर बसून शेजारणीशी बोलत होती. मला पाहून उठू लागली, मी खांद्याला धरून बसवलं.

"ह्या आमच्या वावराच्या ताई," तिनं शेजारणीला सांगितलं. "इंग्रजीत बोलते बरं. एकदम फाडफाड."

"आता नाही बोलत, वहिनी. कुणाशी बोलू?"

"नातवंडांसंगं बोलत असन न. जवाईबुवा कसे हायेत?"

"बरे आहेत. रोज फिरायला जातात."

"फुकटात झालं म्हणे."

"हो."

तिच्या चेहऱ्यावर मला शोधूनही राग सापडला नाही. "बरं झालं," ती म्हणाली. "एकाचं तं झालं."

शेजारीण फळांच्या पिशवीत डोकावून सफरचंदं चांगली आहेत म्हणाली. मग तिनं चहा केला, वहिनींना उठू दिलं नाही. मी निघाले तशी वहिनींनी शेजारणीला आतून तुरीची पिशवी आणायला सांगितली. मी म्हणाले, "अहो, आमच्या वाट्याची आली आहे की घरी. भाऊंनी पोचवली."

"थे तुमच्या वाट्याची," ती म्हणाली. "हे आमच्यातली देऊन राह्यली. जवाईबुवासाठी. रिकाम्या हातानं काहून जाता?"

नको म्हणायचं होतं. पण तिनं पिशवी माझ्या हातात ठेवून माझी बोटं तिच्यावर मिटवली, आणि तिच्या घरात बसून तिला नको म्हणण्याचा माझा हक्क तेव्हा संपलेला होता. मी घेतली. जीपमध्ये ती मांडीवर ठेवून बसले.

घरी येऊन ती भरडून घेतली. पावसाळाभर आम्ही तीच डाळ खाल्ली. आजोबा एकदा जेवताना म्हणाले, "यंदाची तूर चांगली शिजते, नाही?" मी हो म्हणाले आणि त्यांना आणखी एक पळी वाढली.

सातबाऱ्यावर अजून 'खुद्द'च आहे.